गाडीचा फ्यूल गेज चुकतोय? आधी मल्टिमीटर, मग गॅरेज

टाकी फुल केली तरी काटा पाऊणावरच. किंवा काटा अर्ध्यावर आणि गाडी बंद पडली. किंवा सिग्नलला थांबलं की काटा खाली, निघालं की वर. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांमध्ये ही तक्रार इतकी नेहमीची असते की बरेच जण काट्याकडे बघणंच सोडून देतात. गॅरेजमध्ये नेलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘पूर्ण पंप असेंब्ली बदलावी लागेल.’ म्हणजे काही हजार रुपये. प्रत्यक्षात बिघाड कित्येकदा गंजलेल्या अर्थमध्ये किंवा हिरवट पडलेल्या कनेक्टरमध्ये असतो आणि तिथला खर्च शे-दोनशेच्या पुढे जात नाही. कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी बिघाड नक्की कुठे आहे हे कसं शोधायचं, ते या लेखात पाहू.

दुर्लक्ष करू नका म्हणायचं कारण साधं आहे. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत इंधनाचा पंप टाकीच्या आत बसवलेला असतो आणि त्याची मोटर थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं. टाकी वारंवार कोरडी पडली तर आधी पंप जातो. कॉमन रेल डिझेल गाडीत हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, त्यामुळे तिथे नुकसान आणखी महाग. आणि खंडाळ्याच्या उतारावर इंजिन बंद पडलं, तर ब्रेक बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक एक-दोनदा नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. काट्याचा बिघाड छोटा दिसतो, पण परिणाम तसे नसतात.

आत काय असतं

टाकीत एक फ्लोट असतो, म्हणजे तरंगणारा प्लास्टिकचा ठोकळा. तो एका तारेच्या दांडीला लावलेला असतो. इंधन वर-खाली झालं की दांडी फिरते आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची छोटीशी पितळी किंवा चांदीचा मुलामा दिलेली पट्टी एका रेझिस्टरच्या पट्ट्यावरून सरकते. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हेच असतं. या अख्ख्या भागाला सेंडर किंवा सेंडिंग युनिट म्हणतात. आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन ‘टाकीचा फ्लोट’ किंवा ‘फ्लोट युनिट’ म्हणतात, दुकानातही तसंच मागा. डॅशबोर्डवरचा गेज त्या रेझिस्टन्समधून किती करंट जातोय त्यावरून काटा हलवतो. बस, इतकंच.

गोंधळ होतो तो इथे: रेझिस्टन्सचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि दिशाही वेगळी. जुन्या सुझुकी गाड्यांमध्ये टाकी भरलेली असताना साधारण ३ ओहम, अर्धी असताना ३२ च्या आसपास आणि रिकामी असताना ११० च्या आसपास मिळतात. युरोपात प्रचलित असलेल्या व्हीडीओच्या पद्धतीत उलट आहे, रिकामी १० आणि भरलेली १८०. जुन्या जनरल मोटर्सचं रिकामी ० आणि भरलेली ९०. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच युनिव्हर्सल गेजमध्ये रिकामी २४० आणि भरलेली ३३. म्हणूनच ‘कुठलाही फ्लोट चालतो हो’ असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. बसेल, पण काटा भलतंच सांगेल.

ही दिशा एकदा लक्षात आली की अर्धं निदान घरबसल्या होतं. समजा टाकीचा अर्थ गंजला आणि त्यामुळे सर्किटमध्ये २० ओहमची भर पडली. सुझुकीसारख्या गाडीत फुल टाकीचे ३ ओहम गेजला २३ दिसतात, म्हणजे काटा साधारण दोन तृतीयांशावर थांबतो. फुल कधीच दिसत नाही आणि तळाला काटा रिकाम्याच्याही खाली जातो. आता हाच गंज उलट दिशेच्या गाडीत बघा: रिकाम्या टाकीचे १० ओहम गेजला ३० दिसतात आणि टाकी संपलेली असतानाही काटा थोडं पेट्रोल आहे असं सांगतो. बिघाड तोच, पण पहिल्यात फक्त चिडचिड होते, दुसऱ्यात रस्त्यात अडकायला होतं.

डॅशबोर्डच्या बाजूला तीन प्रकार भेटतात. खूप जुन्या गाड्यांत दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि काटा ओढते. चावी फिरवल्यावर काटा सावकाश वर चढत असेल तर हा प्रकार. अशा काही गाड्यांत फ्यूल आणि टेंपरेचर, दोन्ही काट्यांना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून सप्लाय जातो. त्यामुळे दोन्ही काटे एकदमच चुकायला लागले तर टाकीकडे जाऊच नका, स्टॅबिलायझर आणि मीटरचा अर्थ बघा. त्यानंतरच्या गाड्यांमध्ये कॉइलच्या चुंबकावर चालणारा काटा आला. आणि आताच्या गाड्यांत छोटी स्टेपर मोटर असते, तिला मीटरमधला मायक्रोकंट्रोलर चालवतो.

या शेवटच्या प्रकारात काटा आणि फ्लोट यांच्यामध्ये सॉफ्टवेअर आलं. वळणावर पेट्रोल टाकीत हिंदकळतं, म्हणून प्रोग्रॅम गेल्या बऱ्याच रीडिंगची सरासरी काढून तेवढीच दाखवतो. त्याचा एक परिणाम म्हणजे इग्निशन चालू ठेवून पेट्रोल भरलं तर काही गाड्यांत काटा बराच वेळ जुनंच दाखवत राहतो. तो बिघाड नाही. (इग्निशन बंद करूनच पेट्रोल भरायचं असतं, हे पंपावर लिहिलेलंही असतं.)

काय बिघाड नाही

वरचा अर्धा भाग सावकाश उतरतो आणि खालचा भराभर, हे बहुतेक गाड्यांत असंच असतं. टाकीचा आकार वेडावाकडा असतो आणि फ्लोट टाकीच्या अगदी छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे पहिले काही लिटर संपेपर्यंत काटा फुलवरच राहतो. घाटात किंवा उतारावर गाडी लावल्यावर काटा थोडा बदलणंही साहजिकच. शंका असेल तर सपाट जागी गाडी उभी करून चावी फिरवा, एक-दोन मिनिटं थांबा आणि मग काटा बघा.

शून्य रुपयांची तपासणी

आधी फ्यूज. मीटरचा फ्यूज गेला असेल तर सहसा इतर काटे किंवा दिवेही बंद पडलेले असतात. मग इंधन कमी झाल्याचा दिवा. काही जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांत हा दिवा काट्यावर अवलंबून नसतो. टाकीच्या तळाशी एक थर्मिस्टर असतो. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत थंड राहतो, उघडा पडला की तापतो, त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि दिवा लागतो. तुमच्या गाडीत काटा मेला आहे पण दिवा वेळेवर लागतोय असं असेल तर निदान रस्त्यात अडकण्याची भीती टळली, दुरुस्ती सवडीने करता येईल.

गाडीत ओबीडी पोर्ट असेल आणि कुणाकडे ब्लूटूथवालं ईएलएम३२७ असेल तर ते मागून आणा. पी०४६० ते पी०४६३ हे कोड फ्यूल लेव्हल सेन्सरच्या सर्किटचे. त्यातला पी०४६२ म्हणजे सिग्नल नको तितका खाली आणि पी०४६३ म्हणजे नको तितका वर, म्हणजे शॉर्ट किंवा तुटलेली वायर यातलं काहीतरी. काही गाड्या टाकीतल्या इंधनाची टक्केवारीही अॅपवर देतात. अॅपवर आकडा बरोबर आणि काटा मात्र चूक, असं निघालं तर टाकी उघडायची गरजच उरली नाही. दोष मीटरमध्ये आहे. हे रीडिंग सगळ्या गाड्या देत नाहीत, दिसलं नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

मधोमध तोडा

प्रोग्रॅममधला बग शोधताना आपण अर्धा कोड बाजूला ठेवतो आणि चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते बघतो. इथे ती मधली जागा म्हणजे टाकीवरचा कनेक्टर. त्याच्या एका बाजूला फ्लोट, दुसऱ्या बाजूला वायरिंग आणि मीटर. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की खाली एक पत्र्याचं झाकण असतं, त्याखाली हा कनेक्टर मिळतो. काही गाड्यांत झाकणच नसतं आणि टाकी खाली उतरवावी लागते. तरी त्यांतही कनेक्टर अनेकदा गाडीच्या खालून हाताला लागतो. हे आधी बघून घ्या, कारण मजुरीचा सगळा हिशोब यावर ठरतो.

साहित्य फार लागत नाही. दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर, आणि ३३ व १०० ओहमचे दोन रेझिस्टर. हे ५ वॉटचे, पांढऱ्या सिरॅमिकचे घ्या. पाव वॉटचे छोटे रेझिस्टर जुन्या गेजच्या करंटला तापून जळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग विकणाऱ्याकडे काही रुपयांत मिळतील.

इग्निशन बंद करून कनेक्टर काढा. पंप आणि फ्लोट एकत्र असतील तर सहसा चार पिना दिसतील. जाड दोन वायरी पंपाच्या, बारीक दोन फ्लोटच्या. जाड वायरींना हात लावायचा नाही. फुल टाकीला सुझुकीसारख्या गाडीत फ्लोट आणि पंपाची मोटर दोघांचाही रेझिस्टन्स दोन-तीन ओहमच दिसतो, त्यामुळे नुसत्या मीटरवरून पिना ओळखायला गेलात तर फसाल. वायरची जाडी आणि रंग बघा.

आता गाडीकडच्या बाजूला, फ्लोटच्या दोन बारीक वायरींमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर नीट अडकवा, जोड पक्का झाल्यावरच इग्निशन चालू करा आणि काटा कुठे जातो ते बघा. मग इग्निशन बंद करून १०० चा लावा. सुझुकीसारख्या गाडीत ३३ ला काटा अर्ध्याच्या आसपास आणि १०० ला जवळपास रिकाम्यावर यायला हवा. दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर आकडे वेगळे येतील, पण दोन रेझिस्टरना काटा दोन वेगळ्या जागी गेला पाहिजे हे मात्र सगळीकडे खरं. बरेच जण रेझिस्टर न लावता वायर सरळ बॉडीला टेकवून बघतात. जुन्या गाडीत दोन-चार सेकंद चालून जातं, पण नव्या गाडीचा मीटर त्याला शॉर्ट समजून काटा मुद्दाम शून्यावर टाकतो आणि आपण उगाच मीटरला दोष देतो.

काटा बरोबर हलला, म्हणजे मीटर आणि वायरिंग ठीक, दोष टाकीच्या बाजूला. काटा हललाच नाही, तर हाच रेझिस्टर बारीक सिग्नल वायर आणि बॉडीचा स्वच्छ धातू यांच्यामध्ये लावून बघा. आता हलला तर अर्थची वायर गेलेली आहे. ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती: जुना अर्थ पॉइंट शोधून पॉलिश पेपरने घासायचा, नट घट्ट करायचा, वर थोडं ग्रीस. तो सापडलाच नाही तर रिंग टर्मिनल लावलेली नवी वायर बॉडीला जोडायची. पण हे जोडकाम टाकीपासून लांबच्या टोकाला करा आणि टाकीजवळ सोल्डरिंगचा विचारही नको. दोन्ही वेळा काटा गप्प राहिला तर सिग्नलची वायर मध्ये कुठेतरी तुटली आहे किंवा मीटर गेला आहे. मागच्या दाराच्या पट्टीखाली वायर दबणं, उंदराने कुरतडणं, हे दोन संशयित आधी तपासा. पावसाळ्यात उंदीर इंजिनपुरता थांबत नाही.

मग फ्लोटच्या बाजूचा रेझिस्टन्स मोजा. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून किती दिसतं ते बघा. स्वस्त मीटर अर्धा-एक ओहम तिथेच दाखवतो, तेवढा वजा करायचा. टाकीत साधारण किती पेट्रोल आहे हे माहीत असेल तर आकडा जुळतोय का ते कळेल. ‘१’ किंवा ‘ओएल’ आलं म्हणजे सर्किट तुटलं आहे. आकडा सारखा उड्या मारत असेल तर एकाने गाडी हलकेच डोलवावी आणि दुसऱ्याने मीटर बघावा. एका ठराविक जागीच आकडा गायब होत असेल तर पट्टा तिथे झिजलाय. ही झीज बहुतेक वेळा ज्या पातळीवर टाकी सगळ्यात जास्त काळ राहते तिथेच असते. कायम दोन-तीनशे रुपयांचंच पेट्रोल भरणाऱ्याचा पट्टा खालच्या भागात आधी जातो.

टाकी उघडायची वेळ आली तर

इथे मी स्पष्टच सांगतो: वरची सगळी तपासणी स्वतः करा, पण टाकी उघडायचं काम सवय नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या. तुम्ही निदान हातात घेऊन गेलात की ‘असेंब्ली बदलू’वर गाडी घसरत नाही, फक्त मजुरी द्यावी लागते.

स्वतःच करणार असाल तर उघड्यावर, कधीही सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत सरपटत जाते. टाकीत पेट्रोल पावपेक्षा कमी असावं, पण ‘रिकामी आहे म्हणजे सुरक्षित’ ही समजूत उलटी आहे. रिकाम्या टाकीत वाफच जास्त असते. पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरेल, आणि मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. हाताशी पावडरचा अग्निशामक ठेवा. झाकणाभोवतीची धूळ-माती आधी पुसून घ्या, नाहीतर ती थेट टाकीत पडते. मोठी प्लास्टिकची रिंग सोडवायला लोखंडी छिन्नी-हातोडा नको, लाकडाचा तुकडा वापरा. असेंब्ली बाहेर काढताना तिरकी करा, सरळ ओढली तर फ्लोटची दांडी वाकते आणि नवीनच चूक तयार होते. जुनी ओ-रिंग पेट्रोलने फुगलेली असते, ती परत नीट बसत नाही. नवी आणूनच काम सुरू करा. या रिंगवर पैसे वाचवू नका, गाडीत पेट्रोलचा वास आणि फुल टाकीला गळती ही त्याचीच फळं.

बाहेर काढलेली असेंब्ली वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या, टाकीचं तोंड झाका आणि टाकीपासून लांब जाऊन बघा. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो भोक पडून बुडलाय आणि म्हणूनच काटा रिकाम्यावर आहे. त्याला गोंद लावून बुजवायच्या भानगडीत पडू नका, पेट्रोल आणि त्यातलं इथेनॉल साधा गोंद टिकू देत नाही. भंगारातल्या तशाच युनिटचा फ्लोट काढून लावा. फ्लोट ठीक असेल तर दांडी हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत मल्टिमीटर बघा. आकडा सलग बदलायला हवा. पट्टा काळा पडला असेल तर शाळेतल्या खोडरबराने आणि काँटॅक्ट क्लीनरने साफ होतो. काळं पडण्यामागे कधीकधी पेट्रोलमधलं गंधक असतं, चांदीच्या संपर्कावर त्याचा थर बसतो. २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये गंधक जास्त असलेलं पेट्रोल पंपांवर पोचलं आणि बऱ्याच गाड्यांचे काटे त्यामुळेच बिघडले होते.

पट्टा झिजून त्यात खाच पडली असेल तर एक जुगाड आहे आणि तो खरंच चालतो. सरकणारी पट्टी बारीक चिमट्याने अगदी केसभर बाजूला वाकवायची, म्हणजे ती झिजलेल्या रेषेऐवजी शेजारच्या कोऱ्या भागावरून फिरते. जोर जास्त लावला तर पट्टी तुटते, त्यामुळे हा प्रयोग ‘नाहीतरी बदलायचंच आहे’ या तयारीनेच करा.

बदलायचंच ठरलं तर आधी फक्त फ्लोट युनिट सुटं मिळतं का ते विचारा. बऱ्याच मॉडेलमध्ये ते पंपाच्या बॉडीवर क्लिपने बसवलेलं असतं. तेही महाग वाटलं तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एखादा गाडी तोडणारा असतोच. जाताना मल्टिमीटर खिशात ठेवा. दांडी फिरवून आकडे दोन्ही टोकांना तुमच्या जुन्या युनिटसारखे येतात का ते तिथेच बघायचं आणि मगच भाव करायचा. इंधन तेच असलं पाहिजे, आणि दांडीची लांबी व वाकही तोच. टाकीची खोली वेगळी असेल तर आकडे जुळूनही काटा चुकतो.

सीएनजीवाल्यांसाठी

किट बसवलेल्या गाडीत स्विचवर जे चार हिरवे दिवे असतात ते सिलिंडरमधल्या गॅसच्या दाबावरून चालतात, पेट्रोलच्या काट्याशी त्यांचा काही संबंध नाही. पेट्रोलचा काटा बिघडला तरी ‘आपण गॅसवरच चालवतो’ म्हणून लोक सोडून देतात. पण गाडी सुरू होताना पेट्रोल लागतंच, आणि काही किटमध्ये गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. टाकी कोरडी असेल तर तो न कळत जळतो. महिनोन्महिने तळाशी पडून राहिलेलं पेट्रोल पाणीही ओढतं, इथेनॉलमुळे जास्तच, आणि फ्लोटचे संपर्क गंजतात. अशा गाडीत चार-पाच लिटर तरी पेट्रोल ठेवा आणि अधूनमधून पेट्रोलवर चालवा.

या महिन्यात काहीच खर्च करायचा नसेल

ट्रिप मीटर वापरा. टाकी पंपाच्या ऑटो कटपर्यंत भरा आणि ट्रिप शून्य करा. पुढच्या वेळी पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा, गेलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर म्हणजे तुमचं खरं मायलेज. असं दोन-तीनदा करून सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. ३५ लिटरची टाकी आणि १४ चं मायलेज असेल तर वापरायला २५ लिटरच आहेत असं समजा, म्हणजे ३५० किलोमीटर. ३०० झाले की पंप शोधायला लागा. ट्रॅफिकमध्ये एसी चालू ठेवून उभं राहिल्याचे किलोमीटर मोजले जात नाहीत, त्यासाठी ही वरची दहा लिटरची शिल्लक आहे. तोंडातून काठी किंवा पाइप घालून पेट्रोल मोजायला जाऊ नका, आताच्या गाड्यांत भरण्याच्या नळीला वाक आणि झडप असते, काठी तळापर्यंत पोचत नाही आणि झडप मात्र तुटते. गाडी घरात दोघं-तिघं चालवत असतील तर डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवा: ट्रिप कुणीही शून्य करायचा नाही, भरणाऱ्यानेच करायचा.